मार खाणे हा ड्युटीचा भाग नाही

परळच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग 27 नोव्हेंबर 1973 च्या संध्याकाळी तळघरात कपडे बदलायला गेल्या. तिथे रुग्णालयातल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने त्यांचा गळा आवळला आणि त्यांच्यावर अत्याचार केला. त्या सापडल्या दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठच्या सुमारास. मेंदूला प्राणवायू न पोहोचल्याने त्या पुन्हा कधीच भानावर आल्या नाहीत. जवळपास 42 वर्षांनी, 18 मे 2015 रोजी, त्याच रुग्णालयात त्यांचे निधन झाले. एवढ्या काळात केईएमच्या परिचारिकांच्या कित्येक पिढ्यांनी त्यांना भरवले, पुसले, कूस बदलून दिली. अंगाला एक बेडसोर होऊ दिला नाही. हल्लेखोराला शिक्षा झाली ती खुनाचा प्रयत्न आणि जबरी चोरी यांबद्दल, सात वर्षांची. लैंगिक अत्याचाराचा आरोप त्या खटल्यात नव्हता.

आज हे नाव बहुतेकांना आठवते ते दयामरणाच्या चर्चेत. त्यांच्या प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा 7 मार्च 2011 चा निकाल ऐतिहासिक होता, त्यामुळे ते स्वाभाविक आहे. पण त्या घटनेत कामाच्या ठिकाणाबद्दलचे अगदी साधे प्रश्न दडलेले होते. परिचारिकेला कपडे बदलायला सुरक्षित खोली का नव्हती? ड्युटी संपलेली बाई घरी किंवा हॉस्टेलवर पोहोचली की नाही, हे पाहण्याची जबाबदारी कोणाची होती? ज्याच्याबरोबर रोज काम करायचे त्याच्याकडून धोका वाटला, तर सांगायचे कुठे? हल्ल्यानंतर मुंबईतल्या परिचारिकांनी संप करून हेच मागितले होते: संरक्षण आणि काम करण्याजोगी परिस्थिती.

पन्नास वर्षे उलटल्यावर 9 ऑगस्ट 2024 रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीवरच्या एका निवासी डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला. विश्रांतीसाठी ती सेमिनार हॉलमध्ये गेली होती. आरोपी पोलिसांच्या मदतीला नेमलेला स्वयंसेवक होता आणि रुग्णालयात त्याची ये-जा होती. 20 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेत राष्ट्रीय कृती दल नेमले. त्या आदेशात अरुणा शानभाग यांची आठवण आहे, आणि विश्रांतीच्या खोल्या, स्वच्छतागृहे, रात्रीची वाहतूक, सीसीटीव्ही, प्रवेशावरील तपासणी या उणिवांची यादीही आहे. 1973 च्या संपातल्या मागण्या आणि 2024 च्या आदेशातली ही यादी शेजारी ठेवली, तर या पुस्तकाची गरज वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

रुग्णालयातील कर्मचाऱ्यांवर होणारी हिंसा, ती रोखण्याचे मार्ग आणि ती झालीच तर करायची कारवाई, हा या पुस्तकाचा विषय. ते डॉक्टरांपुरते नाही. कॅज्युअल्टीतल्या सिस्टर आणि ब्रदर, वॉर्डातले मामा आणि मावशी, केसपेपर काढणारा कारकून, लिफ्टमन, कंत्राटी सुरक्षारक्षक, 108 रुग्णवाहिकेवरचे डॉक्टर आणि चालक, घरोघर फिरणाऱ्या आशाताई या सगळ्यांसाठी ते आहे. बातमी होते ती बहुधा डॉक्टरला झालेल्या मारहाणीची. रोजच्या शिव्या, धक्काबुक्की आणि ‘बाहेर भेट, बघतो’ ही धमकी मात्र या बाकीच्यांच्या वाट्याला अधिक येते, कारण दारात, खिडकीवर आणि खाटेशेजारी तेच उभे असतात.

हिंसेची व्याख्या इथे मुद्दाम व्यापक धरली आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जून 2019 मध्ये संमत केलेल्या 190 क्रमांकाच्या करारात शारीरिक इजेबरोबर मानसिक, लैंगिक आणि आर्थिक इजाही धरली आहे. प्रत्यक्ष कृतीबरोबर धमकीही धरली आहे. आणि कामाच्या जागेबरोबर कामावर जाण्यायेण्याचा रस्ताही धरला आहे. भारताने या कराराला मान्यता दिलेली नाही. तरीही आपल्याकडच्या वॉर्डात ही व्याख्या तंतोतंत लागू पडते. ज्या परिचारिकेला तीन रात्री सलग शिवीगाळ झाली आहे, तिच्यावर चौथ्या रात्री हात उगारला गेला तर ती घटना ‘अचानक’ घडलेली नसते.

ही हिंसा दोन दिशांनी येते आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. एक बाहेरून येते: रुग्ण, नातेवाईक, त्यांच्यासोबत आलेला जमाव, कधी पोलिसांनी तपासणीसाठी आणलेली व्यक्ती. केरळमध्ये कोट्टारक्करा तालुका रुग्णालयात 10 मे 2023 रोजी पोलिसांनी उपचारासाठी आणलेल्या माणसानेच तरुण डॉक्टरला भोसकून मारले. दुसरी आतून येते: सहकाऱ्याकडून, वरिष्ठाकडून, कंत्राटदाराच्या मुकादमाकडून. केईएमची घटना आतली होती. मे 2019 मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या आदिवासी समाजातील डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली, तेव्हा जातीवरून छळ केल्याचा आरोप तीन वरिष्ठ सहकाऱ्यांवर ठेवला गेला. बाहेरच्या हल्ल्याविरुद्ध सगळे रुग्णालय एक होते, संप होतो, मोर्चा निघतो. आतल्या हिंसेच्या वेळी तेच रुग्णालय गप्प बसते. या पुस्तकात दोन्हींना सारखीच जागा दिली आहे, आणि ते योग्यच झाले आहे.

बाहेरून येणारी हिंसा कशी घडत जाते, हे समजण्यासाठी मार्च 2017 मधली धुळ्याची घटना पुन्हा पाहिली पाहिजे. डोक्याला गंभीर मार लागलेला रुग्ण रात्री शासकीय रुग्णालयात आणला गेला. तिथे मेंदूचा शल्यविशारद नव्हता. दुसरीकडे हलवावे लागेल, हे सांगण्याची वेळ अस्थिरोग विभागातल्या निवासी डॉक्टरवर आली. जमावाने त्याला इतके मारले की डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभरातले निवासी डॉक्टर कामावरून दूर झाले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि सरकारी रुग्णालयांत 1,100 सुरक्षारक्षक नेमण्याचे आश्वासन शासनाला द्यावे लागले.

मारणाऱ्यांचा गुन्हा निःसंशय आहे आणि त्याला कसलीही सबब नाही. पण प्रतिबंधाचा विचार करणाऱ्याने त्या क्षणाच्या मागे गेले पाहिजे. जिल्ह्याच्या ठिकाणी तज्ज्ञ नसणे हा निर्णय त्या डॉक्टरचा नव्हता. त्याचा जाब मात्र त्याला द्यावा लागला, कारण मध्यरात्री समोर तोच होता. आपल्या रुग्णालयांत हे रोज घडते. औषध बाहेरून आणायला लागते तेव्हा चिठ्ठी देणारी सिस्टर बोलणी खाते. आयसीयूत खाट नसते तेव्हा निवासी वैद्यकीय अधिकाऱ्याची (आरएमओ) कॉलर धरली जाते. खासगी रुग्णालयात बिलाचा आकडा वाढतो तेव्हा काउंटरवरच्या मुलीवर फाइल भिरकावली जाते. व्यवस्थेतली प्रत्येक उणीव शेवटी सर्वांत कनिष्ठ कर्मचाऱ्याच्या तोंडून रुग्णापर्यंत पोहोचते आणि राग त्याच्याच अंगावर निघतो. निर्णय घेणारे त्या वेळी घरी झोपलेले असतात.

म्हणूनच या पुस्तकाचा मुख्य आग्रह असा आहे: हिंसा रोखणे हे संस्थेचे काम आहे. ते कर्मचाऱ्याच्या सहनशीलतेवर, गोड बोलण्यावर किंवा नशिबावर सोडता येणार नाही. रुग्णालयात जंतुसंसर्ग रोखण्यासाठी समिती असते, नोंदी असतात, जबाबदार माणूस असतो. हिंसेच्या बाबतीतही तेवढीच शिस्त हवी.

ही शिस्त सुरू होते नोंदवहीपासून. आज मार बसला आणि रक्त आले तरच घटना लिहिली जाते. शिवी, धमकी, अडवणूक, पाठलाग यांची नोंद कुणी करत नाही, कारण ‘रोजचेच आहे’. पण तीन महिन्यांच्या साध्या नोंदी जरी समोर ठेवल्या, तरी कोणता वॉर्ड, कोणती वेळ, कोणते कारण हे दिसू लागते. भांडणे रात्री आठच्या हँडओव्हरच्या वेळी होत असतील, तर त्या अर्ध्या तासात नातेवाइकांना माहिती द्यायला माणूस नसतो हे कळते. रक्तपेढीच्या खिडकीवर होत असतील, तर तिथे गार्ड वाढवण्याआधी रांग का तुंबते हे पाहावे लागते. मारहाणीच्या पुष्कळ घटनांच्या आधी अशा लहान घटनांची मालिका असते. ती वाचायची तर आधी लिहिलेली असायला हवी.

दुसरी बाब जागेची. कॅज्युअल्टीत तपासणीच्या खोलीला दोन दारे हवीत. एकच असेल तर डॉक्टरची खुर्ची दाराच्या बाजूला हवी. जड स्टँड, काचेच्या बाटल्या, कात्र्या हाताशी उघड्या नकोत. ड्युटी रूमला आतून कडी हवी, स्वच्छतागृह जवळ हवे, आणि तिथपर्यंतच्या जिन्यावर आणि कॉरिडॉरमध्ये रात्रभर दिवा हवा. टेबलाखाली धोक्याची घंटा हवी, आणि ती वाजल्यावर कोण किती वेळात येणार हे ठरलेले हवे. रुग्णासोबत दोनच नातेवाईक, ही पासची पद्धत कागदावर अनेक ठिकाणी आहे. ती पाळली जाते तिथे जमाव वॉर्डात शिरत नाही. मात्र पासवर अडवलेल्या बाकीच्यांना बसायला जागा, पाणी आणि ठरावीक वेळी मिळणारी माहितीही द्यावी लागते. नाहीतर तोच जमाव फाटकावर फुटतो.

तिसरी बाब माणसांची आणि बोलण्याची. छत्तीस तास जागा असलेला डॉक्टर नीट बोलू शकत नाही, आणि नीट ऐकूही शकत नाही. पुरेसे मनुष्यबळ हा हिंसा रोखण्याचा उपाय आहे, हे प्रशासनाने मान्य करायला हवे. त्यानंतर प्रशिक्षण. आवाज चढलेल्या माणसाला ‘शांत व्हा’ म्हटल्याने कोणी शांत होत नाही. ‘काका, इथे बसा. मी आत पाहून येते आणि दहा मिनिटांत तुम्हाला सांगते’ असे म्हणून दहा मिनिटांत खरोखर परत आले, तर बहुतेक वेळा ताण उतरतो. बोलणारा एकच असावा. दोन हातांचे अंतर राखावे. समोरच्याच्या आणि दाराच्या मध्ये उभे राहू नये. जमावातल्या एका जबाबदार नातेवाइकाला बाजूला घ्यावे. एवढे करूनही हात उगारला जाईल असे दिसले, तर वाद थांबवून तिथून बाहेर पडावे. तसे बाहेर पडणे म्हणजे कर्तव्यात कसूर नाही, हे संस्थेने लेखी कळवलेले असावे.

मृत्यूची बातमी देणे हा या सगळ्यातला सर्वांत नाजूक भाग. ती कॉरिडॉरमध्ये, उभ्याउभ्या, पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरने एकट्याने देऊ नये. वरिष्ठ सोबत असावा, खोली असावी, खुर्च्या असाव्यात. प्रकृती ढासळत आहे हे आधीपासून टप्प्याटप्प्याने सांगितलेले असावे, आणि अखेरचे वाक्य स्पष्ट असावे. ‘सिरीयस आहे’ असे शेवटपर्यंत सांगत राहून एकदम कागदावर सही मागितली, की संशय येतो. संशयातून आरोप होतात, आणि आरोपातून तोडफोड.

हिंसा घडल्यानंतर काय करायचे, याबद्दल आपल्याकडे जवळजवळ काहीच ठरलेले नसते. म्हणून या पुस्तकात त्यावर सविस्तर भर आहे. पहिल्या काही मिनिटांत जखमी कर्मचाऱ्याला तिथून हलवणे, उपचार करणे, आणि वॉर्डातल्या इतर रुग्णांना सांभाळणे. पहिल्या तासात 112 वर कळवणे, वैद्यकीय तपासणी करून वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण (एमएलसी) नोंदवणे, सीसीटीव्हीचे चित्रण बाजूला काढून ठेवणे, कारण काही दिवसांत त्यावर नवे चित्रण चढते. साक्षीदारांचे म्हणणे त्याच पाळीत लिहून घेणे. मग पोलीस तक्रार. इथे एक महत्त्वाचा बदल झाला आहे. 16 ऑगस्ट 2024 रोजी केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने केंद्र सरकारच्या रुग्णालयांना आणि वैद्यकीय महाविद्यालयांना आदेश दिला की, कर्मचाऱ्यावर हल्ला झाल्यास जास्तीत जास्त सहा तासांत संस्थेच्या वतीने एफआयआर दाखल झाला पाहिजे आणि त्याची जबाबदारी संस्थाप्रमुखाची राहील. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने, पालिकेच्या दवाखान्याने आणि खासगी नर्सिंग होमनेही हा नियम स्वतःहून स्वीकारावा.

यामागचे कारण कायद्याच्या अनुभवात आहे. महाराष्ट्रात 2010 पासून यासाठी स्वतंत्र कायदा आहे. डॉक्टर, परिचारिका, वैद्यकीय आणि परिचर्येचे विद्यार्थी, निमवैद्यकीय कर्मचारी या सर्वांना त्याचे संरक्षण आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा 50 हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. तोडफोड झालेल्या यंत्रसामग्रीच्या किमतीच्या दुप्पट भरपाईचीही तरतूद आहे. कोरोनाच्या साथीत, 2020 मध्ये, साथरोग कायद्यात दुरुस्ती होऊन गंभीर इजेसाठी सात वर्षांपर्यंतची शिक्षा आली. कागदावर हे सारे भक्कम आहे. प्रत्यक्षात तक्रार एकट्या जखमी माणसावर सोडली जाते. निवासी डॉक्टर तीन वर्षांत शिक्षण संपवून दुसऱ्या गावी जातो आणि तारखांना येऊ शकत नाही. तालुक्यात दवाखाना चालवणाऱ्याला त्याच गावात राहायचे असते. कंत्राटी मावशीला नोकरी जाण्याची भीती असते. मग ‘मिटवून टाका’ असा सल्ला चहूकडून मिळतो, आणि प्रकरण मिटते. फिर्यादी संस्था असेल, वकील संस्थेचा असेल आणि तारखेला जाणे ड्युटीत धरले जाईल, तरच हा कायदा चालेल.

आतल्या हिंसेसाठी 2013 चा कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा कायदा आहे. त्याची मुळे राजस्थानातल्या भटेरी गावात आहेत. बालविवाह रोखण्याचे सरकारी काम करणाऱ्या साथिन भंवरीदेवी यांच्यावर 1992 मध्ये सामूहिक बलात्कार झाला, आणि त्यानंतरच्या लढ्यातून सर्वोच्च न्यायालयाचा 1997 चा विशाखा निकाल आला. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. त्याहून लहान ठिकाणांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार तीन महिन्यांत करायची, चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण करायची. कंत्राटी आणि शिकाऊ महिलाही त्यात येतात. समितीतल्या सदस्यांची नावे आणि फोन प्रत्येक वॉर्डात लावलेले असले पाहिजेत. पाटी कार्यालयाबाहेर लावून रात्रपाळीच्या मावशीला उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट राहते, आणि ती या पुस्तकाने टाळलेली नाही याचा मला विशेष आनंद आहे. जखम भरून आल्यावरही माणूस कामावर परत येताना थरथरतो. त्याच वॉर्डाच्या दारात त्याचे पाय अडखळतात. त्याला काही दिवस पगारी रजा, समुपदेशन, हवी असल्यास वेगळी पाळी, आणि सहकाऱ्यांची सोबत मिळायला हवी. ‘तू काय बोललास म्हणून त्यांनी मारले?’ हा प्रश्न तर त्याला कोणी विचारताच कामा नये.

रुग्ण आणि नातेवाईक हे पुस्तक वाचतील, अशी माझी इच्छा आहे. त्यांचा संताप पुष्कळदा खऱ्या अन्यायातून येतो. महाराष्ट्रात 2021 पासून शुश्रूषागृहांना रुग्णहक्कांची सनद लावणे आवश्यक आहे, आणि बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. तक्रार कोठे करायची हे सांगणारा माणूस आणि तक्रारीला मिळणारे उत्तर, या दोन्ही गोष्टी रुग्णालयाने दिल्याच पाहिजेत. रुग्णाचे हक्क आणि कर्मचाऱ्याची सुरक्षितता यांत भांडण नाही. दाद मिळते असा विश्वास असेल तिथे हात कमी उचलले जातात. पण अन्याय कितीही मोठा असो, त्याचे उत्तर तोंडावर बसणारी थप्पड असू शकत नाही. मार बसलेला डॉक्टर उद्या गंभीर रुग्ण घ्यायला कचरतो आणि ‘मोठ्या हॉस्पिटलला न्या’ म्हणतो. त्याची किंमत पुढच्या रुग्णाला मोजावी लागते, आणि तो रुग्ण बहुधा गरीब असतो.

हे पुस्तक कपाटात ठेवण्यासाठी नाही. अधिष्ठाता, अधीक्षक, मेट्रन, नर्सिंग होमचे मालक यांना माझी विनंती आहे: वाचून झाल्यावर एका रात्री, न कळवता, स्वतःच्या रुग्णालयात फिरा. कडी नसलेली ड्युटी रूम, बंद पडलेला दिवा, न वाजणारी घंटा शोधा आणि त्याच आठवड्यात दुरुस्त करा. कर्मचाऱ्यांना सांगणे आहे की, आज मिळालेली शिवीही आजच लिहा आणि एकमेकांचे साक्षीदार व्हा. ज्या संस्थेत माणूस मार खाऊन घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या बाजूने संस्थेची सही असलेली तक्रार पोलीस ठाण्यात पोहोचलेली नसते, ती संस्था आपल्या कर्तव्यात चुकली आहे.